आधी सेटल होऊ दे

सिअ‍ॅटलच्या विमानतळावर आम्ही त्यांना आणायला गेलो तेव्हा फुगे घेऊन गेलो होतो. फुग्यांची कल्पना आमच्या गटातल्या काकूंची. बाहेर पडणाऱ्या गर्दीत ती तिघं लगेच ओळखू आली, कारण सगळ्यांत कमी सामान त्यांच्याकडे होतं. पुढे नवरा, मागे ती, आणि तिची ओढणी घट्ट धरून सहा-सात वर्षांची मुलगी. आम्ही टाळ्या वाजवल्या तशी मुलगी रडायला लागली. आईने तिला जवळ घेतलं, आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं, आभार आधी कुणाचे मानायचे ते ठरवत असल्यासारखं, आणि मग छातीवर हात ठेवून सगळ्यांपुढेच मान झुकवली.

ते काबूलचे. नवरा तिथे एका परदेशी संस्थेची गाडी चालवायचा. सरकार बदललं तशी परदेशी लोकांसाठी काम केलेल्यांची शोधाशोध सुरू झाली आणि हे पाकिस्तानात पळाले. इस्लामाबादेत एका खोलीत कित्येक महिने काढल्यावर त्यांना अमेरिकेत यायची परवानगी मिळाली. इकडे त्यांना उतरवून घेणारे आम्ही. अशी एक सोय तेव्हा होती, की पाच-सहा घरांनी मिळून गट करायचा आणि एका निर्वासित कुटुंबाची पहिल्या काही महिन्यांची जबाबदारी घ्यायची. घर बघायचं, मुलीला शाळेत घालायचं, डॉक्टर, बस, बँक, सगळं दाखवायचं आणि नोकरी लावून द्यायची.

आमचा गट सिअ‍ॅटलजवळच्या बॉथेलचा. चार मराठी घरं आणि आमच्या समोर राहणाऱ्या एक निवृत्त अमेरिकन शिक्षिका. पुढाकार काकांचा. साठीला टेकलेले, मूळचे पुण्याचे, इथल्या एका बायोटेक कंपनीत बऱ्याच वरच्या जागेवर. त्यांना सगळं बॉथेल काका म्हणतं, आणि त्यांच्या बायकोला काकू. पहिल्या मीटिंगला ते म्हणाले होते, "निर्वासितांची सोय लावणाऱ्या एजन्सीच्या माणसाच्या डोक्यावर ढीगभर कुटुंबं असतात. तो यांना कुठेतरी चिकटवून मोकळा होतो. आपलं तसं नाही. आपण इथे वीस-वीस वर्षं राहिलोय, आपल्याकडे ओळखी आहेत. आपली खरी मदत म्हणजे आपल्या ओळखी." मला ते फार पटलं होतं. आपण सगळेच तर ओळखींवर इथवर आलेलो. माझा नवरा बेलव्ह्यूच्या ज्या कंपनीत आहे तिथे त्याला त्याच्या हॉस्टेलच्या मित्राने आणलं, आणि त्याने पुढे आणखी तिघांना.

त्या कुटुंबातली ती इस्लामाबादेत उर्दू शिकली होती आणि लहानपणापासून हिंदी मालिका बघत आलेली. म्हणून भाषेचं काम माझ्याकडे आलं. दुसऱ्याच आठवड्यात मी त्यांच्या अपार्टमेंटमध्ये डिशवॉशर कसा लावायचा ते दाखवायला गेले. तिने चहा केला, वेलची घालून, आणि मला बसवूनच घेतलं.

"तिकडे काही करत होतीस?" मी विचारलं.

"लॅबमध्ये होते, बाजी." बाजी म्हणजे ताई, ती मला तेच म्हणायची.

"कसल्या?"

"हॉस्पिटलच्या. खून, पेशाब, बलगम." रक्त, लघवी, थुंकी. आणि ती हसली. "बलगमची डबी आली की बाकीचे इकडेतिकडे पळायचे. मला ते आवडायचं. क्षयाचे जंतू मला पटकन दिसायचे. निळ्यात लाल काड्या."

हातातला कप मी खाली ठेवला. निळ्यात लाल काड्या मी नागपूरला दोन वर्षं बघितल्या होत्या. मी मायक्रोबायोलॉजीची एम.एस्सी. आहे, हे त्या घरात मी मोठ्याने म्हणाले तेव्हा मलाच ते दुसऱ्या कुणाबद्दल बोलल्यासारखं वाटलं. मग आम्ही दोघी तासभर फक्त त्यावर बोललो. जंतू वाढवायला लागणारं अगर शिजवतानाचा तो समुद्रासारखा वास. उन्हाळ्यात वीज गेली की इन्क्युबेटरमधल्या प्लेट्सचं काय व्हायचं. तिचा नवरा मुलीला घेऊन खाली झोपाळ्यावर गेला, परत आला, तरी आमचं चालूच.

"मग तुम्ही इथे कुठल्या लॅबमध्ये आहात?" तिने विचारलं.

"मी शाळेच्या ऑफिसात असते. कुठलं पोर गैरहजर आहे ते बघते, आईबापांना फोन करते."

"का?"

मी सांगितलं. नवऱ्याच्या व्हिसावर आले होते, डिपेंडंट म्हणून. त्या व्हिसावर बायकोला नोकरी करायची परवानगी नव्हती. कितीतरी वर्षं नव्हती. परवानगी आली तेव्हा माझ्या रेझ्युमेत एवढी मोठी रिकामी जागा होती की कुठलीही लॅब मला उभं करेना.

तिला ते समजायला वेळ लागला. "नवऱ्याने मनाई केली?"

"नाही गं. सरकारने."

"इथल्या सरकारने?" ती माझ्याकडे बघत राहिली. बायकांनी कामावर येऊ नये असं सांगणाऱ्या सरकारला सोडून ती आलेली. तिला तर उतरल्याबरोबर काम करायची मुभा होती. मला तिचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. पण त्या हेव्याहून मोठं असं काहीतरीही मनात आलं. वाटलं, हिचं तरी होईल. काकांची कंपनी इथून दहा मिनिटांवर आहे.

काकांच्या कंपनीत नमुने येणारी एक खोली होती. देशभरातून रक्ताच्या नळ्या यायच्या, त्या तपासून, चिठ्ठ्या लावून, योग्य फ्रीझरमध्ये ठेवायच्या. अमेरिकन पदवी लागायची नाही, इंग्रजी जेमतेम चालायचं. काकाच पार्ट्यांमध्ये कुरकुर करायचे, की तिथे माणसं टिकत नाहीत, तरुण पोरं कंटाळून सोडून जातात. मी त्यांना फोन केला.

"अगं वा, लॅबवाली आहे? छानच की," ते म्हणाले. "करू, करू. आधी सेटल होऊ दे."

त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता असं नाही. काका खरंच धावत होते. मुलीची हिरडी सुजली तेव्हा मीटिंग सोडून तेच तिला डेंटिस्टकडे घेऊन गेले. अपार्टमेंटमध्ये हीटर बिघडला तर मॅनेजरशी तेच भांडले. नवऱ्याला त्यांनीच एका ग्रोसरीच्या गोदामात लावलं, रोज सकाळी सोडायलाही जायचे, त्याचं लायसन्स येईपर्यंत. कुणाच्या घरात एवढं कुणी करत नाही. म्हणून मी थांबले.

नोकरी तिलाही लागली, आणि फार लवकर लागली. आमच्या गटातल्या एकांच्या ओळखीचा एक हॉटेल मॅनेजर होता, त्याच्याकडे लाँड्रीत. दुपारी सुरू होऊन रात्रीपर्यंतची शिफ्ट. चादरी, टॉवेल, ब्लीच. इंग्रजीचा वर्ग संध्याकाळी असायचा, तो सुटला.

मीटिंगमध्ये शिक्षिकाबाई स्पष्ट बोलल्या. आम्ही सगळे त्यांच्यासमोर इंग्रजीत बोलायचो, त्यामुळे भांडणंसुद्धा नीटनेटकी व्हायची. त्या म्हणाल्या, "तिला सहा महिने शिकू द्या. रोज संध्याकाळी ती चादरींच्या घड्या घालत बसली, तर दहा वर्षांनीही तेच करत असेल."

काका म्हणाले, "पण डिपेंडन्सी तयार होते हो. सवय लागते. पहिली नोकरी कुठलीही असो, लगेच लागली पाहिजे."

डिपेंडन्सी हा शब्द त्यांनी माझ्याकडे बघून वापरला नव्हता. तरी तो मलाच लागला. मी मराठीत म्हणाले, "काका, तुमच्या त्या नमुन्यांच्या खोलीचं काय झालं?"

"बघतोय मी. एचआरशी बोलावं लागतं. आत्ता हायरिंग फ्रीझ आहे, भरतीच बंद."

पुढच्या महिन्यात इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात काकांनी स्लाइड शो केला. रिकामं अपार्टमेंट, मग भरलेलं अपार्टमेंट. शाळेच्या बसमध्ये चढणारी मुलगी. गोदामाच्या जॅकेटमधला नवरा. लाँड्रीच्या निळ्या एप्रनमधली ती. "दोघंही कमावते झाले," काका माइकवर म्हणाले, "आणि तेसुद्धा एजन्सीवाल्यांपेक्षा कितीतरी लवकर. ही आपल्या कम्युनिटीची ताकद." लोक उभे राहिले. तिलाही बोलावलं होतं. पहिल्या रांगेत बसली होती. स्वतःचा एप्रनमधला फोटो भिंतीएवढा झालेला बघताना तिचा चेहरा मला बाजूने दिसत होता. ती टाळ्या वाजवत होती, सगळे वाजवत होते म्हणून.

ब्लीचने तिच्या बोटांची सालं निघायला लागली. मी तिला हातमोजे आणून दिले. ते घालून घड्या नीट पडत नाहीत, काम मागे राहतं, म्हणून ती घालायची नाही. सुट्टीच्या दिवशी मी तिला लायब्ररीत न्यायचे आणि आम्ही दोघी लॅबच्या नोकऱ्यांसाठी ऑनलाइन अर्ज करायचो. ती अनुभव सांगायची, मी इंग्रजीत घालायचे. कुठूनही उत्तर आलं नाही. आलं असतं तर मीच चकित झाले असते. इथे अर्ज कोण वाचतं? आतून कुणीतरी नाव पुढे सरकवावं लागतं. आमच्या चार घरांतल्या एकाही माणसाला इथली नोकरी नुसता अर्ज करून लागलेली नव्हती.

माझी मुलगी हायस्कूलमध्ये आहे. एकदा आम्हाला लायब्ररीतून घ्यायला आली तेव्हा तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "आई, जस्ट आस्क काका अगेन. व्हॉट्स द बिग डील?"

म्हणून मी एका रविवारी त्यांच्या घरी गेले. दार काकूंनी उघडलं, आणि मी चपला काढायच्या आत माझ्या हातावर पेढा ठेवला.

"अगं, भाच्याचं झालं एकदाचं! मास्टर्स करून बसला होता बिचारा, कुठे काही जमेना. व्हिसाचं घड्याळ चालू. आम्हाला झोप नव्हती."

"अरे वा, कुठे लागला?"

"यांच्याच कंपनीत. ते रक्ताचे नमुने येतात ना, तिथे. त्याच्या शिक्षणाचं नाहीये काम, पण आत तर शिरला. यांनी शब्द टाकला."

मी पेढा खाल्ला. दुसरं काय करणार, हातात होता. काका मागच्या अंगणात गवत कापत होते. मला बघून त्यांनी मशीन बंद केलं.

"काका, हायरिंग फ्रीझ होतं ना?"

त्यांना लगेच कळलं. त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं. "ती टेंपररी जागा होती गं. अचानक निघाली."

"मग तिला का नाही सांगितलंत?"

"तू समजून घे. त्याचं स्टेटस जाणार होतं. तो परत गेला असता."

"त्याला पुण्याला परत जायला घर आहे."

त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "हे बघ, रेफरल देणं म्हणजे माझं नाव लागतं त्यात. तिचं शिक्षण कुठलं, अनुभव खरा की काय, मला कसं कळणार? उद्या एका पेशंटच्या नळ्या अदलाबदल झाल्या तर लोक मला विचारतील. भाच्याला मी लहानपणापासून बघतोय."

"तिच्या मुलीला तुम्ही कडेवर घेऊन डेंटिस्टकडे गेलात, काका."

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

"ते मदत आहे. हे ऑफिस आहे."

मी म्हटलं, "तुम्हीच म्हणाला होतात, आपली खरी मदत म्हणजे आपल्या ओळखी."

"लावली ना नोकरी? दोघांनाही लावली ना?" आता त्यांचा आवाज चढला. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. "तुम्ही लोक बसता बोलायला. रोज सकाळी त्याला गोदामात सोडायला कोण जात होतं? तू जात होतीस?"

मी जात नव्हते. ते जात होते. म्हणूनच मला त्यांना काही बोलता येत नव्हतं, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. काकूंनी चहाला थांब म्हटलं, मी थांबले नाही.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला, "यार, त्यांच्या जागी कुणीही भाच्यालाच घेतलं असतं." मला माहीत होतं ते. त्याचाच तर राग होता. इतकी वर्षं याच गावात, याच लोकांच्या घरी मी जेवायला जातेय, माझी पदवी सगळ्यांना माहीत, आणि माझं नावही कुणी कधी कुठे सरकवलं नव्हतं. नवऱ्याने तीन मित्र आणले. बायकांसाठी पॉटलकला कुणी काय शिजवून आणायचं त्याची यादी.

तिला मी सांगणार नव्हते. पण ती स्वतःच विचारायला लागली. हॉटेलच्या पार्किंगमध्ये मी तिला सोडायला गेले होते, तिची बस चुकली म्हणून. ती म्हणाली, "काकासाहेबांनी त्या लॅबचं काही सांगितलं?"

मी सांगितलं. भाच्यासकट सगळं. काही लपवण्यात अर्थ नव्हता.

ती रागावली नाही. सीटबेल्ट सोडून हातात धरून बसली. "तुम्ही भांडलात त्यांच्याशी?"

"हो."

"नका भांडू, बाजी. ते मला तोंड दाखवणार नाहीत मग. त्यांना वाईट वाटेल आणि ते आणखी काहीतरी सामान घेऊन येतील." मग म्हणाली, "काबूलमध्ये मी हेड डॉक्टरशी भांडून रात्रीची ड्यूटी बदलून घेतली होती. इथे मी कुणाशी भांडू? भांडायचं म्हटलं की आठवतं, मी झोपते ती गादी कुणी दिली." मग तिने दार उघडलं आणि धावत मागच्या दाराने आत गेली, उशीर झाला होता.

त्यानंतर ती बदलली. आमच्याशी नाही, आमच्याशी ती तशीच हसून बोलायची. पण लायब्ररीत यायची बंद झाली. सिअ‍ॅटलच्या पलीकडे केंट गावातल्या एका हलाल दुकानात तिला तिच्या भाषेतल्या काही बायका भेटल्या होत्या, सुट्टीत ती तिकडे जायला लागली. त्यातल्या एकीची बहीण मिशिगनमध्ये नोव्हायजवळ राहायची. तिथे गाड्यांच्या दारांना बसवायचे रबर बनवणारा कारखाना आहे, आणि त्यात काबूलच्या बऱ्याच बायका आहेत. बहिणीने तिथल्या फोरमनला सांगितलं. झालं, तिघांचं तिकडे जायचं ठरलं. कुणाला काही विचारावं लागलं नाही, मीटिंग झाली नाही.

जायच्या आदल्या दिवशी तिने मला आणि शिक्षिकाबाईंना तेवढं बोलावलं. घर आरशासारखं स्वच्छ केलं होतं. आम्ही दिलेलं सगळं एका भिंतीला नीट रचून ठेवलेलं. ते न्यायला सांगितलं तर म्हणाली, नको, दुसऱ्या कुणाला लागेल. शिक्षिकाबाई रडल्या. मला रडू आलं नाही. मी तिला म्हटलं, "तिकडे गेल्यावर लॅबचं सोडू नकोस. इंग्रजी कर. परीक्षा दे."

ती म्हणाली, "बघू." काकांनी "करू, करू" म्हणावं तसंच म्हणाली.

काकांना फार लागलं. पुढच्या मीटिंगला ते म्हणाले, "निदान सांगून तरी जायचं. एवढं काय केलं होतं आपण?" त्यांचे डोळे खरोखरच भरून आले होते, आणि मला त्यांची दया येता येता थांबली. गटातले दुसरे एक म्हणाले, "या लोकांना ग्रॅटिट्यूड नसते." शिक्षिकाबाईंनी त्यांना तिथल्या तिथे सुनावलं. मग चर्चा पुढच्या कुटुंबावर गेली. या वेळी जरा कमी अपेक्षा असलेलं कुटुंब मिळालं तर बरं, असं कुणीतरी म्हणालं आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. मी त्या मीटिंगनंतर गट सोडला. पुढचं कुटुंब आलंच नाही. तिकडे राजधानीत सरकारने ती सोयच बंद केली. माझ्या सोडण्याने काही बिघडलं असं म्हणायची सोयही मला राहिली नाही.

तिचा फोन येतो कधीतरी. मागच्या वेळी मागे खूप गलका होता, मधली सुट्टी असावी. तिला आता एका लाइनवरच्या बायकांची मुख्य केलंय. मुलगी इंग्रजीतच बोलते, आईला दुरुस्त करते.

"लॅबचं काही बघितलंस?" मी विचारलं.

"कसली लॅब, बाजी?" ती म्हणाली. मला वाटलं तिला ऐकू आलं नाही. मग म्हणाली, "आता नाही होत. डोळेही पूर्वीसारखे राहिले नाहीत." ती माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान आहे. "पण इथे बरं आहे. इथे कुणी मला काही दिलेलं नाही. काल सुपरवायझरशी एवढी भांडले मी!" आणि ती मनापासून हसली. इथे होती तेव्हा तसं हसताना मी तिला त्या पहिल्या चहानंतर पुन्हा पाहिलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात मंडळाच्या पिकनिकला काका भेटले. आता आम्ही बोलतो, एवढ्याशा गावात न बोलून चालत नाही. कणसं भाजत होते. त्यांनीच विचारलं, "ती तुझी मैत्रीण काय करते हल्ली? कॉन्टॅक्ट आहे का?"

"मिशिगनला आहे. कारखान्यात. लाइनची मुख्य झालीय."

"बघ!" त्यांचा चेहरा एकदम उजळला. "मी म्हणत होतो ना? पहिली नोकरी लगेच लागली पाहिजे. एकदा सवय लागली कामाची की माणूस वर जातोच." आणि शेजारी उभ्या असलेल्या, भारतातून नुकत्याच आलेल्या एका तरुण जोडप्याला ते सांगायला लागले, आपल्या बॉथेलच्या लोकांनी एक अफगाण कुटुंब कसं पायावर उभं केलं ते. विमानतळापासून सुरुवात केली त्यांनी. जोडप्यातली मुलगी फार कौतुकाने ऐकत होती. मी तिला विचारलं, "तू काय करतेस?"

"अजून काही नाही," ती म्हणाली. "मी डिपेंडंटवर आहे. पण मी फार्मसी केलंय."

"छान, छान," काका म्हणाले, आणि तिच्या हातात कणीस दिलं. "आधी सेटल व्हा."